मावशीच्या बोटांखाली

सकाळचे अकरा वाजत आलेत आणि मावशी माझ्यापुढे दोन पावलं चालते आहे. तीन मजले उतरताना कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरली. पण खेतवाडीची गल्ली लागली आणि तिची चाल बदलली. ७१ वर्षांच्या आयुष्यातली ४८ तिनं याच गल्ल्यांत काढली आहेत. कुठल्या गटारावरची फरशी हलते, कुठे टेम्पो उलटा येतो, हे तिच्या पायांना ठाऊक आहे. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत चष्म्याचं घर, पाण्याची बाटली आणि एक शंभरपानी वही.

वहीचं पहिलं पान मी काल रात्री पाहिलंय. ‘यंत्र कशासाठी’ असं वर लिहून खाली रेघ मारली आहे. चाळ समितीची पत्रं, मराठीत. नाशिकच्या लेकीशी संध्याकाळी बोलणं, चेहरा नीट दिसला पाहिजे. विजेचं बिल, बँक. मराठी विश्वकोश वाचणं. शेवटी दोनदा अधोरेखित केलेलं: अक्षर मोठं.

मुदत ठेव मोडून तिनं ४० हजार बाजूला काढलेत. मी देतो म्हटलं, तर म्हणाली, “माझं यंत्र माझ्या पैशानं.” तो विषय तिथेच संपला.

मावशी ३६ वर्षं सरकारी कचेरीत मराठी टंकलेखिका होती. मिनिटाला ४० शब्दांची परीक्षा पास होऊन लागली. शेवटची दहाएक वर्षं टेबलावर संगणक आला, पण त्यातला मराठी कळफलक टंकयंत्राचाच होता, त्यामुळे बोटांना काही नवं शिकावं लागलं नाही. आज ती भाडेकरू समितीची चिटणीस आहे. इमारत जुनी, उपकरप्राप्त; दुरुस्ती मंडळाशी पत्रव्यवहार सतत चालू. ही पत्रं आजवर कोपऱ्यावरच्या टायपिंगच्या दुकानात होत. तिथला मुलगा इंग्रजी अक्षरं दाबून उच्चारानं मराठी उमटवतो. मागच्या महिन्यात ‘छताला गळती’चं ‘छताला गलती’ झालं आणि तिच्या लक्षात येण्याआधी त्याच्या चार प्रती निघाल्या. तीन चकरा, तीन वेळा तीन मजले. चौथ्या दिवशी मला फोन आला, “मला माझं यंत्र घ्यायचंय.”

लॅमिंग्टन रोडला आम्ही पोचतो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, बोलताना सगळ्यांच्या तोंडी अजून लॅमिंग्टन रोडच. शनिवार असल्यानं गर्दी भरपूर. हातगाडीवर मॉनिटरचे खोके दोरीनं आवळून एक जण वाट काढतो आहे. फुटपाथवर वायरींची भेंडोळी, ॲडाप्टर, रिमोट, सीसीटीव्हीचे कॅमेरे, दर चार पावलांवर कुणीतरी “क्या चाहिये साब?” असं विचारतो. सगळे मला विचारतात. मावशीला कुणी विचारत नाही.

पहिलं दुकान दोन पायऱ्या चढून आहे. काउंटरमागचा तरुण माझ्याकडे बघून सुरू होतो. कुणासाठी हवाय? आईसाठी? मग जास्त लागणार नाही, हा बघा, २२ हजारांत. हलका, दिसायला देखणा. मी खालची चिठ्ठी वाचतो: सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण. विंडोज ११ ला कमीत कमी लागतं तेवढंच, ४ आणि ६४. म्हणजे ज्या दिवशी डबा उघडायचा त्याच दिवशी यंत्र काठोकाठ भरलेलं. पहिलं मोठं अपडेट आलं की जागा नाही असा निरोप येणार, आणि ही रॅम मदरबोर्डलाच पक्की जोडलेली आहे, नंतर वाढवता येणार नाही. सुरू केल्यावर दिसतं की त्यात फक्त विंडोजच्या स्टोअरमधली ॲप्स चालतात. तो कुलूपबंद मोड फुकट काढता येतो, पण कुणीतरी आधी सांगायला हवं.

“वयस्कर माणसांना काय लागतं साहेब,” तो म्हणतो, “यूट्यूब आणि व्हॉट्सॲप.”

हे वाक्य मी या बाजारात आधीही ऐकलंय आणि प्रत्येक वेळी त्याचा राग येतो. वय झालेल्या माणसाला संथ यंत्र चालतं, हा समज कुठून आला कळत नाही. तरुण माणूस यंत्र अडकलं की दुसरी खिडकी उघडतो, तिसरं बटण दाबून बघतो. ज्याला सवय कमी, त्याला वाटतं आपलंच काही चुकलं, आणि हात मागे येतो. चपळ, न अडकणारं यंत्र खरं तर त्यालाच हवं.

मावशी काही बोलत नाही. फक्त विचारते, “इथे बसायला स्टूल आहे का?”

नाही. आम्ही उतरतो.

दुसऱ्या दुकानात स्टूल आहे. मालक साठीचे, कच्छी, बोलणं स्वच्छ गिरगावी मराठी. “या काकू, बसा,” म्हणतात, आणि पहिल्यांदा कुणीतरी मावशीला विचारतं, “काय काय काम करणार?” मावशी वही उघडून समोर धरते. ते चष्मा कपाळावर चढवून पूर्ण पान वाचतात. मग हाताखालच्या मुलाला म्हणतात, “ते नवे राहू दे. आधी दोन-चार उघडे ठेव, काकूंना हात लावू दे.”

मुलगा लालबागचा आहे, विशीतला. तो चार लॅपटॉप ओळीनं उघडतो. मावशी पिशवीतून चष्मा काढते, पण पडद्याकडे बघत नाही. स्टूल पुढे ओढते, पाठ सरळ करते, मनगटं उचलते आणि दोन तर्जन्या एफ आणि जे या कळांवरच्या बारीक उंचवट्यांवर टेकवते. आठ बोटं आपोआप आपापल्या घरात जातात.

मग ती टाइप करते.

पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता पाचोळा. अर्धविराम, कंस, मधेच मोठी अक्षरं. मुलगा गोंधळून माझ्याकडे बघतो. मी त्याला खुणेनं थांबवतो. कारण तिची बोटं मराठी टाइप करतायत, कळफलकाला ते अजून माहीत नाही इतकंच. पत्राचा मायना असावा. ओळीच्या शेवटी ती दर वेळी तेवढ्याच ठिकाणी थांबते. डोळे काउंटरवरच्या कॅलेंडरवर कुठेतरी. मी तिला घरी टंकयंत्रावर कधी पाहिलं नाही, ते कचेरीतच असायचं. हे बसणं मी आज पहिल्यांदा बघतो आहे.

“हा नको,” ती हात उचलते. “बोट खाली जातच नाही. भिंतीवर आपटल्यासारखं वाटतं.”

पहिला बाद. तो चारांत सगळ्यात पातळ आणि सगळ्यात महाग होता. पातळ अंगाच्या यंत्रात कळ दाबायला खोली उरत नाही. सव्वा मिलिमीटर, फार तर दीड. दोन बोटांनी टाइप करणाऱ्याला ते जाणवणार नाही. दिवसाला दहा पानं मारलेल्या बोटांना पहिल्या ओळीत जाणवतं.

दुसरा १५.६ इंची. पडदा मोठा, तिला आवडतो. पण चार ओळींनंतर ती थोडी डावीकडे सरकते, मग स्टूलच सरकवते. “हे वाकडं आहे.” मुलगा म्हणतो, “काकू, वाकडं कसं, टेबलाला लावून ठेवलंय.” मावशी यंत्र तसंच ठेवून बोटानं दाखवते: उजवीकडे आकड्यांच्या कळांचा वेगळा गठ्ठा आहे, त्यामुळे अक्षरांच्या कळा सगळ्या डावीकडे ढकलल्या गेल्यात. पडद्याचा मध्य एकीकडे, हातांचा मध्य दुसरीकडे. तासभर बसलं की मान तिरकी. मी बरेच दिवस लॅपटॉपची माहिती वाचत होतो. प्रोसेसर, रॅम, वॉरंटी सगळं पाठ. ही गोष्ट मला कुठे वाचायला मिळाली नव्हती. मालक मान हलवत म्हणतात, “तीस वर्षं विकतोय, हे कोणी सांगितलं नव्हतं.”

आता तिसरा. काळा, जाडजूड, कडा थोड्या घासलेल्या. एखाद्या कंपनीनं वापरून काढून टाकलेला, साफसूफ करून विकायला ठेवलेला. १९ हजार. मावशी हात ठेवते आणि तिचा चेहराच सैल होतो. कळा मधोमध किंचित खोलगट, बोट खाली जातं, तळाशी टेकतं, परत येतं. ती पानभर मारते. आवाजाला लय येते. शेजारच्या काउंटरवरचं गिऱ्हाईकसुद्धा वळून बघतं.

“हा,” ती म्हणते. “हा दे.”

मला तिला नाही म्हणायचं नाहीये, पण बघून घेतल्याशिवाय होही म्हणायचं नाहीये. यंत्र उलटं करून खालची चिठ्ठी वाचतो: २०१८ सालचं, इंटेलची आठवी पिढी. म्हणजे विंडोज ११ च्या उंबरठ्याच्या आत, जेमतेम. त्याच रांगेत १३ हजारांचा एक सहाव्या पिढीचा आहे, दिसायला जुळा भाऊ. त्याला विंडोज ११ अधिकृतपणे मिळत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. बँकेचं काम करणाऱ्या माणसाला तसं यंत्र देणं म्हणजे दाराची कडी काढून ठेवणं. हे चिठ्ठीवर कुणी लिहीत नाही. पिढीचा आकडा आपणच विचारायचा.

मी मुलाला बॅटरीचा अहवाल काढायला सांगतो. काळ्या खिडकीत तो एक आज्ञा लिहितो, अहवाल उघडतो. मूळ क्षमता ४८ हजारांच्या घरात, आता पूर्ण भरल्यावर २३ हजार. निम्म्याहून कमी.

“बॅटरी मला कशाला?” मावशी म्हणते. “टेबलावर बसणार, वायर लावून. लाइट कुठे जातात आपल्याकडे?”

तिचं खरं आहे. तिच्या कामाला बॅटरीचं महत्त्व कमीच. मी दुसरं विचारतो, मालकांना: बिघडला तर? ते सरळ उत्तर देतात, मला त्याबद्दल आदर वाटतो. सहा महिने दुकानाची जबाबदारी, यंत्र इथे आणून द्यायचं. त्यानंतर भाग मिळतात, मिळत नाहीत, नशीब. नव्याला कंपनीची वॉरंटी, आणि काही नव्यांना माणूस घरी येऊन दुरुस्त करतो.

“तिसऱ्या मजल्यावर येतो?” मावशी विचारते.

“येतो काकू. यावंच लागतं.”

ती गप्प बसते. हात अजून त्या काळ्या यंत्रावर. मला माहीत आहे ती कसला हिशोब करते आहे. पैशांचा नाही. पायऱ्यांचा आहे. पावसाळ्यात, दुखऱ्या गुडघ्यानं, पिशवीत अडीच किलो घेऊन उतरणं आणि चढणं. मी आलो तर आणेन. पण मी ठाण्याला, आणि समितीचं पत्र माझ्या सुट्टीची वाट बघत नाही.

“काकू,” मालक म्हणतात, “तुम्हाला यंत्र नवं पाहिजे आणि कळा जुन्या पाहिजेत, बरोबर? मग दोन्ही वेगळे घ्या ना.”

ते मुलाला वर पाठवतात. तो माळ्यावरून एक लांबट खोका आणतो. आत साधा, वायरचा, टेबलावरचा कीबोर्ड. ६५० रुपये. वर धूळ बसली आहे. हल्ली सगळ्यांना बिनवायरचे लागतात. मावशी तो मांडीजवळ ओढते, घरच्या कळा शोधते, एक ओळ मारते. मग दुसरी. कळा त्या काळ्या यंत्राइतक्या गोड नाहीत, हे तिच्या ओठांवरून कळतं. पण खोल आहेत, उठून येतात, आणि मुख्य म्हणजे कीबोर्ड हवा तसा सरकवता येतो. ती तो उजवीकडे ओढते, अक्षरांचा मध्य नाकासमोर आणते.

“आता सरळ झालं.”

मग सगळं भराभर जुळतं. कळफलक वेगळा झाला की लॅपटॉप टेबलाला चिकटून राहायची गरज नाही. मालक पाचशे रुपयांचा पत्र्याचा स्टँड काढतात, त्यावर लॅपटॉप चढवतात, आणि पडदा तिच्या डोळ्यांच्या रेषेत येतो. मावशीचा चष्मा दुहेरी नंबरचा. खालच्या पडद्यावर वाचायचं तर मान वाकवावी लागे, आणि ती भरून येई. आता मान सरळ, पण काचेच्या खालच्या भागातून वाचायला हनुवटी थोडी उचलावी लागते. मी मनात नोंद करतो की डोळ्यांच्या डॉक्टरांना फक्त संगणकाच्या अंतराचा वेगळा चष्मा विचारायचा.

नवा लॅपटॉप निवडायला यानंतर पाऊण तासही लागत नाही. तोच १५.६ इंची, कारण आता त्याच्या डावीकडे सरकलेल्या कळांची अडचण नाही. कोअर आय-३, बारावी पिढी. ८ जीबी रॅम, आणि दुसरी जागा रिकामी, पुढे वाढवता येईल. “आत्ताच टाकली तर महाग पडेल,” मालक सांगतात, “मेमरीचे भाव वर गेलेत, एआयवाले सगळी उचलतात. वर्षभरानं बघा.” साठवण ५१२ जीबीची एसएसडी.

पडद्यावर मात्र मावशी अडून बसते. एक चकचकीत आहे, एक मॅट. चकचकीतवर रंग खुलतात, मुलगा त्यावर सिनेमाचं गाणं लावून दाखवतो. मावशी म्हणते, “दाराकडे तोंड कर.” तो वळवतो. काचेत रस्ता दिसतो, हातगाडी दिसते, तिचा स्वतःचा पांढरा अंबाडा दिसतो. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, उजेडाची तिरीप तिला सोसत नाही. तिच्या खोलीत तर ट्यूबलाइट बरोबर पाठीमागे आहे. मॅट ठरतो.

अक्षर लहान दिसतं, कारण पडदा फुल एचडी आहे. जितके ठिपके जास्त तितकं अक्षर बारीक. मुलगा लगेच पडद्याचे ठिपके कमी करायला जातो. मी थांबवतो. तसं केलं की अक्षर मोठं होतं, पण कडा विस्कटतात. त्याऐवजी प्रमाण दीडशे टक्के करून दाखवतो. अक्षर मोठं आणि धार तशीच. मावशी विश्वकोशाचं पान उघडायला सांगते. नोंद कुठली, तर टंकलेखनाची. दोन परिच्छेद वाचते, चष्मा काढून पुन्हा वाचून बघते, आणि मान हलवते.

मुलगा एक पाकीट पुढे करतो. कळांवर चिकटवायची देवनागरी अक्षरं, शंभर रुपयांत. “काकूंना सोपं जाईल.” मावशी पाकीट उजेडात धरून बघते आणि परत देते. “ही जागा माझ्या अक्षरांची नाही रे.” ती इनस्क्रिप्टची आहेत: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. सरकारनं प्रमाण ठरवलेला, शिकायला नेटका कळफलक. आज कुणी नव्यानं मराठी टाइप करायला बसलं तर मी त्याला तोच सांगेन. पण मावशीच्या बोटांत टंकयंत्राचा रेमिंग्टन कळफलक आहे. तिथे ‘ण’ लिहायचा तर अर्धा ण आणि मग काना. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, जशी ती कागदावर आधी दिसते. इनस्क्रिप्टमध्ये अक्षर आधी, वेलांटी नंतर, जशी ती बोलताना येते. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. ३६ वर्षांची सवय ७१ व्या वर्षी मोडायला सांगणं बरोबर नाही.

विंडोजमध्ये मराठीचे दोन कळफलक अंगचेच असतात, इनस्क्रिप्ट आणि उच्चारानं चालणारा. रेमिंग्टन बाहेरून टाकावा लागतो. तो मी पेनड्राइव्हवर आणलाय. खोका फोडल्यावर मुलगा खातं उघडायला स्वतःचा मोबाइल नंबर टाकू लागतो, “लवकर होईल,” म्हणून. मावशी त्याचा हात धरते. “माझा नंबर टाक बाळा. उद्या कुलूप अडकलं तर किल्ली माझ्याकडे पाहिजे.” पासवर्ड ती स्वतः टाकते, आम्हाला दोघांना पाठ फिरवायला लावून. वहीत शेवटच्या पानावर लिहिते. त्याच पानावर वर १९३० लिहिलेलं आहे, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर. शेजारच्या चाळीत एका आजोबांना तोतया पोलिसांचा व्हिडिओ कॉल आला, त्यानंतर तिनं तो समितीच्या फळ्यावरही लावलाय.

बिल होतं: लॅपटॉप ३६,५००, कीबोर्ड, स्टँड, सगळं धरून ३७,६५०, जीएसटी आतच. मावशी खोक्यावरचा अनुक्रमांक आणि बिलावरचा अनुक्रमांक बोटानं एकेक आकडा जुळवते. एक आकडा चुकलाय. मालक बिल पुन्हा छापतात आणि वॉरंटीच्या कागदावर ‘घरी येऊन सेवा’ या ओळीखाली पेनानं रेघ मारून देतात. निघताना मावशी त्या काळ्या जुन्या यंत्रावर एकदा तळवा फिरवते.

परत खेतवाडी. खोका मी घेतलाय, कीबोर्ड तिनं. जिना चढायला आम्हाला पंधरा मिनिटं लागतात, दुसऱ्या मजल्यावर थांबून.

खोलीत खिडकीजवळच्या टेबलावर सगळं मांडतो. ट्यूबलाइट पाठीमागे, पडद्यावर तिरीप नाही. स्टँडवर चढवल्यावर आवाज मात्र बारीक येतो, कारण यंत्राचा भोंगा खालच्या बाजूला आहे आणि त्याला आता टेबल उरलं नाही. नाशिकला फोन लावून बघतो: लेकीचा चेहरा स्वच्छ, शब्द अर्धे. मावशीचा डावा कान कमी आहे. फोनबरोबर आलेले वायरचे इअरफोन तिच्या कपाटात तसेच पडलेत, ते जोडल्यावर ती पलीकडे विचारते, “पोह्यांत शेंगदाणे टाकलेस का आज?” आणि उत्तर ऐकून हसते.

मग मी रेमिंग्टन टाकतो. कोरं पान उघडतो, अक्षराचा आकार वाढवतो, आणि बाजूला होतो.

ती स्टूल पुढे ओढते. पहिल्या दोन ओळी सावकाश. एक-दोन जोडाक्षरं वेगळ्या कळेवर निघतात, ती थांबून जागा शोधते, पुन्हा तीच मारून पक्की करते. पहिली वेलांटी आधी, मग अक्षर, आणि पडद्यावर ती जागच्या जागी बसते. तिसऱ्या ओळीपासून तोच आवाज सुरू होतो, जो दुकानात त्या काळ्या यंत्रातून आला होता, जरा जाडसर.

दार उघडंच आहे. पलीकडच्या खोलीतली सून ओल्या हातांनी उंबऱ्याशी उभी आहे. “मावशी, यंत्र आलं म्हणे? आमच्या मोरीच्या भिंतीचं पत्र…”

“ये, बस,” मावशी कोरं पान उघडत म्हणते. “पाणी पहिल्यांदा कधी उतरलं? तारीख सांग.”